कोरडा फडका

आई, तुला गाडीचं सांगायचं आहे. एका दमात सांगून होणारं नाही, म्हणून लिहायला बसले. आपल्या आळीतल्या बाकीच्या पोरी गोवऱ्या थापत होत्या तेव्हा तू मला चौथीपर्यंत शाळेत धाडलंस. त्याचा उपयोग आजवर बँकेत सही करायला आणि बसची पाटी वाचायला झाला. आज तुला लिहायला होतोय. काना-मात्रा चुकला तरी तू काय पकडणार, तुला कुठं वाचता येत होतं! हसून लिहितेय हं, रागावू नकोस.

तर तुझ्या पणतीनं गाडी घेतली. माझ्या मुलाच्या मुलीनं. स्वतःच्या पगारातून, बापापुढं हात न पसरता. निळी आहे. गोकर्णीचं फूल असतं ना, तसा निळा. ऊन पडलं की जांभळा मारतो. पोर चाकणला कंपनीत आहे, गाड्यांना रंग देतात त्या खात्यात. रंग ती देत नाही, रंग यंत्रं देतात. ती बघते. पांढऱ्याफेक ट्यूबांच्या उजेडात एकेक गाडी पुढं सरकते आणि ही हातमोजे घालून तिच्या अंगावरून नजर फिरवते, कुठं धुळीचा कण अडकला, कुठं रंगाचा ओघळ आला. दिसलं की खूण करायची आणि गाडी बाजूला. असं बघायचा पगार मिळतो, आई! तू आयुष्यभर तांदूळ निवडलेस, तुला कुणी दिला? पण त्या कामानं पोरीचे डोळे असे झालेत की घरी आली तरी सुटका नाही. भाकरीवरचा करपलेला ठिपका पहिल्यांदा तिलाच दिसतो. सून म्हणते, "अगं, पास कर ती भाकरी आणि जेव."

गाडी आली त्या दिवशी मी नवी साडी नेसले. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि कुंकू कालवून पुढच्या झाकणावर बोटानं स्वस्तिक काढलं. आमच्या सोसायटीत, म्हणजे इथं मोशीला, खाली पार्किंगमध्ये, वॉचमनसुद्धा टोपी काढून उभा. मी बोट पुसतेय तोवर माझ्या मुलानं खिशातला रुमाल काढला आणि स्वस्तिक पुसायला लागला. मी म्हटलं, "अरे, देवाला बघू तरी दे!" तर म्हणतो, "बाई, कुंकवाचा डाग बसतो म्हणे रंगावर. देवानं बघितलं असंल एवढ्यात." तो मला बाई म्हणतो, आपल्याकडची जुनी रीत. बाकी सगळं शहरातलं झालं, तेवढं राहिलं.

त्या दिवसापासून त्याला ध्यासच लागला. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये जातो तो. सकाळी डबा भरून होईपर्यंत खाली जायचं, गाडीवरचं कव्हर काढायचं, पिवळा फडका घेऊन सगळी गाडी पुसायची आणि पुन्हा कव्हर घालायचं. तुझ्या वेळची मोशी राहिली नाही गं आता. चहूकडं बांधकामं चालू, बाजूनं ट्रेलर जातात, सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारी नाव लिहावं एवढी धूळ. शेजारचे त्याची चेष्टा करतात, "काय राव, गाडीचं लग्न काढलंय का?" तो म्हणतो, "भावा, लेकीची गाडी आहे, तुझ्यासारखी भाड्याची नाही." आणि पुसता पुसता गुणगुणतो. स्वतःच्या लग्नात गुणगुणला नाही एवढा. मी गॅलरीतून बघायची आणि मला इतकं बरं वाटायचं, काय सांगू.

मग ते कोटिंग निघालं. कोटिंग म्हणजे गाडीच्या रंगावर वरून एक पारदर्शक थर द्यायचा. गाडी चकाकते म्हणे, पाणी ठरत नाही, धूळ चिकटत नाही. त्याला पैसे पडतात, आणि थोडेथोडके पडत नाहीत. मी पोरीला आधीच बोलून बसले होते की गाडीला माझ्याकडून काहीतरी घे, पाटल्यांसाठी पैसे बाजूला ठेवलेत त्यातून देते. झालं. मुलगा म्हणाला, "बाई, कोटिंगच दे तिला. चाकणचा रस्ता काय आहे माहितीय ना? खडी, कंटेनर, धुरळा. कोटिंग झालं की मग खुशाल ने म्हणावं गाडी." सून पोळ्या लाटत होती, लाटणं तसंच वर धरून म्हणाली, "आत्या, ऐकू नका यांचं. पाटल्या करा. गाडीला कंपनीनं रंग दिलाय की, उघडी पाठवली नाही." मी आपली सुनेच्या बाजूची. म्हटलं, गाडी काय नवरी आहे का, अंगाला हळद लावून बसवायला? सगळे हसले. पोर नाही हसली. तिला विचारलं तर म्हणाली, "बघू." म्हणजे ठरवायचं माझ्यावर आलं.

पण आई, मला टोचत होतं ते वेगळंच. गाडी घरात आली आणि पोर जायची कंपनीच्या बसनंच. गाडी चालवायला शिकली, लायसन काढलं, हप्ता तिच्या पगारातून कापला जातोय, आणि गाडी खाली कव्हर पांघरून झोपलेली. दुसऱ्या पाळीची बस तिला रात्री हायवेच्या चौकात सोडते, तिथून घरापर्यंत चालत. तेवढ्यासाठी तर गाडी घेतली होती! ती येईपर्यंत सून गॅलरीत उभी असते. रोज उद्या नेते, उद्या नेते म्हणायची आणि बसची वेळ झाली की पाठीवर सॅक टाकून चालू पडायची. मुलाला वाटे, ओरखड्याला घाबरते, कोटिंग केलं की भीड चेपेल. सुनेला वाटे, नवऱ्यानंच एवढा बाऊ केलाय की पोरीची हात लावायची छाती होत नाही. मला काही कळेना. एवढंच कळत होतं की मी पैसे कशालाही दिले तरी पोर त्या गाडीत बसून गेटाबाहेर पडली पाहिजे. नाहीतर मग पाटल्यांचा आणि कोटिंगचा, दोन्हीचा मला काय उपयोग?

शेवटी पोरीच्या सुट्टीच्या दिवशी मी म्हटलं, चल, दुकानात जाऊन विचारून तर येऊ. दुकान निगडीला, प्राधिकरणात. तिथं जायचं तर गाडी चालवत न्यायला हवी, हे तिला मी जिना उतरल्यावर सांगितलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं! "आजी, रिक्षानं गेलो असतो." "मग रिक्षाला कोटिंग करायचंय का?" बसली मुकाट्यानं. आणि आई, काय चालवते गं! स्पाईन रोडला लागलो, एका बाजूनं टेंपो, दुसऱ्या बाजूनं आपली लाल बस, मधून मोटरसायकलवाले मुंग्यांसारखे, आणि ही दोन्ही हातांनी चाक धरून शांत. मी पुढच्या सीटवर, पट्टा बांधलेला, तो गळ्याशी येत होता म्हणून पदराची घडी घालून खाली धरलेला. मी बोलतच सुटले होते. इथं तुझ्या पणज्याची ज्वारी होती, इथं आम्ही कोथिंबिरीच्या जुड्या बांधायचो, इथं तुझ्या आजोबांची बैलगाडी अडकली होती. ती म्हणाली, "आजी, मला आरसा बघू दे, तू मध्ये हात नाचवतेस." तेव्हा गप्प बसले. म्हणजे जरा वेळ.

दुकानातला मुलगा बरा होता, तरतरीत. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी त्याला सरळ विचारलं, "हे लावल्यावर खडा उडाला तर काय?" म्हणाला, "आजी, खड्याला हे नाही थांबवत. त्याला वेगळी फिल्म येते, ती आणखी महाग." खरं बोलला, मला आवडलं. मग त्यानं टॉर्च घेतली आणि गाडी तपासायला लागला. पुढच्या झाकणावर टॉर्च धरली आणि "अरेरे" म्हणाला. मी उठून गेले. उजेड पडला होता तिथं, तुला कसं सांगू, कोळ्याचं जाळं असावं तसे बारीक बारीक गोल ओरखडे. दारांवर तसेच, टपावर तसेच. उन्हात दिसत नव्हते, टॉर्च धरली की सगळे वर येत. तो म्हणाला, "हे धुळीवरून कोरडा फडका मारल्यानं झालंय. आणि वरून कव्हर. रोज पुसतं का कुणी?"

माझ्या तोंडात शब्द आलाच होता. पण पोर माझ्या आधी बोलली, "मीच पुसते."

तो हसला. तिच्या गळ्यात कंपनीचं कार्ड होतं, सवयीनं घालून आलेली, ते बघून म्हणाला, "मॅडम, तुम्ही पेंट शॉपवाल्या ना? आणि कोरडा फडका? मग आम्ही कुणाकडं बघायचं?" ती म्हणाली, "हो ना, चुकलंच." मान खाली घालून म्हणाली. आई, त्या पोरीनं गाडीला आजवर फडका लावलेला नाही. कव्हरच्या गाठीलासुद्धा तिनं हात लावलेला मी बघितला नाही.

मी म्हटलं, मला चहा हवाय. दुकानाबाहेर टपरी होती, तिथल्या बाकावर बसलो. मी काही विचारलं नाही, कप हातात घेऊन नुसती बसून राहिले. माझ्या गप्प बसण्याची कुणाला सवय नाही, म्हणून तीच बोलली. "मला पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं गं. पार्किंगच्या ट्यूबखाली. बाबा तेव्हा दार पुसत होते, मला म्हणाले, ये, बघ, तुझं तोंड बघ कसं दिसतंय. मला तोंड नाही दिसलं, ते ओरखडेच दिसले. काय बोलणार होते मी?" मी विचारलं, "मग म्हणून नेत नव्हतीस होय?" म्हणाली, "तिकडं कंपनीच्या पार्किंगला सगळे माझ्याच डोळ्यांचे आहेत. लांबून बघून सांगतील. नव्या गाडीची ही दशा कुणी केली म्हणून दिवसभर खेचतील. आणि मी कधीतरी वैतागून बोलून जाईन, आमच्या बाबांनी. ते चार लोकांत फिरेल, कुणीतरी त्यांच्यासमोरच बोलेल. त्यापेक्षा बस बरी."

आई, मला तिथं त्या बाकावर तू आठवलीस. किती वर्षांत अशी आठवली नव्हतीस. मी असेन नऊ-दहा वर्षांची. अप्पांना पिंपरीत कंपनीत नोकरी लागलेली आणि त्यांनी नवी सायकल घेतलेली. आठवतंय ना, रंग जाऊ नये म्हणून त्यांनी सगळ्या दांड्यांना प्लॅस्टिकच्या लाल-पिवळ्या पट्ट्या गुंडाळल्या, अगदी वेणी घालावी तशा ओढून ओढून. अख्खा रविवार ओट्यावर बसून. मग तो पावसाळा जातो, पुढचा जातो, आणि एक दिवस सायकल धुताना एक पट्टी सुटते. आत पाणी मुरलेलं. दांडी तांबेरलेली, नखानं पापुद्रा निघतोय. अप्पा कामाला गेलेत. मी पट्टी धरून हसतेय, म्हणतेय, अप्पा सायकल वाचवायला गेले आन् सायकलच खाल्ली! आणि तू माझ्या दंडाला असा चिमटा काढतेस की डोळ्यांत पाणी. "दात काढू नगंस. त्यांनी हौसंनं गुंडाळलं व्हतं. त्यांच्या म्होरं ह्यातलं एक अक्षर काढशील तर बघ." मग तू विळीवर त्या पट्ट्या जागोजागी कातरल्यास, कुरतडल्यासारख्या, आणि संध्याकाळी अप्पा आले तेव्हा चुलीपुढून न उठता सांगितलंस, "आवं, उंदरांनी तुमच्या पट्ट्यांची वाट लावली बघा. आत पाणी गेलं वाटतं." अप्पा उंदरांना शिव्या देत दुसऱ्या दिवशी सापळा घेऊन आले. महिनाभर सापळ्याला भजं लावत होते, आणि एक उंदीर काही सापडला नाही. त्या दांडीला त्यांनी रंग दिला आणि पुन्हा तीच सायकल दामटली. शेवटपर्यंत त्यांच्यासाठी तो गुन्हा उंदरांचाच राहिला.

मला तेव्हा नुसता चिमटा लक्षात राहिला. तू काय केलंस ते कळायला मला नातीबरोबर टपरीवर बसावं लागलं. तुझी पणती तुला कधी भेटली नाही, तुझा फोटोसुद्धा धड नाही घरात, आणि तरी "मीच पुसते" म्हणाली! हे तिला कुणी शिकवलं? मी तर नाही. मी तोंड उघडलंच होतं. रक्तातून येतं की काय असलं? आलं असेल तर तुझ्याकडूनच आलं, आणि माझ्या अंगावरून उडी मारून गेलं.

मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "चल, कोटिंग करून टाकू." ती म्हणाली, "आजी, नुसतं पॉलिश केलं तरी हे जाईल. वरचा कंपनीचा थर चांगला असतो. कोटिंगची तशी गरज नाही, मी या कामातली आहे, मला विचार." मी म्हटलं, "तुला गरज नसंल, मला हाय. पॉलिश केलं तर उद्या सकाळी तुझा बाप फडका घेऊन हजर. त्याला नको म्हणायचं तर कारण काय सांगशील?" तिनं माझ्याकडं बघितलं. मग हळूहळू तिचं तोंड असं फुललं, आई, दिवाळीतल्या भुईचक्रासारखं. आत जाऊन मी त्या दुकानातल्या मुलाला बाजूला घेतलं आणि काय सांगायचं ते सांगितलं. बिचारा म्हणाला, "आजी, मी सगळ्यांनाच सांगतो ते." मी म्हटलं, "सगळ्यांना सांग, पण त्याला जरा मोठ्यानं सांग." गाडी तिथंच ठेवली. येताना बसनं आलो, निगडीच्या डेपोतून, आणि दोघी सबंध वाटभर हसत होतो. कंडक्टर म्हणाला, "आजी, लॉटरी लागली काय?"

रविवारी मुलाला घेऊन गाडी आणायला गेलो. काय दिसत होती! नुकती न्हाऊन आल्यासारखी. मुलगा भोवती फिरला, हात मागं बांधून, हात लावायची भीती वाटल्यागत. दुकानातल्या मुलानं सांगितलं, मोठ्यानंच सांगितलं, "काका, आता एक पथ्य. कोटिंगच्या गाडीला कोरडा फडका अजिबात चालत नाही. कव्हरही नको. भरपूर पाणी मारायचं, मग मऊ कापड." मुलगा म्हणाला, "असं होय? आधी चालत होतं, आता नाही चालत?" "आता कोटिंग आहे ना." मुलगा "बरं" म्हणाला. मग थोड्या वेळानं, कुणाला उद्देशून नाही, असंच म्हणाला, "मग सकाळी मी काय करू?"

एवढा मोठा बाप्या माणूस, केस पिकलेले, आणि असं विचारतो. माझं काळीज हललं बघ. एवढं सगळं जुळवलं आणि हेच ध्यानात आलं नव्हतं. पण पोर माझ्यापेक्षा हुशार. लगेच म्हणाली, "बाबा, काचा तुम्हीच पुसा. माझ्याच्यानं काचा नीट होत नाहीत, रेघा राहतात. आणि रेघा राहिल्या की समोरून लाईट आल्यावर मला त्रास होतो." तर आता तो सकाळी बाटलीत पाणी आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन खाली जातो. काचा अशा करतो की आरपार माणूस जाईल. चेष्टा करणाऱ्यांना सांगतो, "पेंट नाही पुसायचा राव, कोटिंग आहे. काच पुसायची. माझी मुलगी चालवते, तिला रस्ता दिसायला पाहिजे." आणि पोर गाडीनं जाते, आई. पहिल्या दिवशी सून गॅलरीत उभी होती, मी तिच्या शेजारी. पोरीनं गेटापाशी हॉर्न वाजवला आणि चाकणच्या बाजूला वळली. परतताना पुढच्या बंपरची कड दगड लागून टवकलीसुद्धा. तिनं स्वतःच हसत दाखवली. म्हणाली, "ही माझी."

सून मात्र मला सोडत नव्हती. "आत्या, तुम्ही तर नको म्हणत होता. असं काय झालं निगडीला?" खरं सांगायची सोय नव्हती. मी म्हटलं, "मला त्या गाडीत माझं तोंड दिसलं पाहिजे, म्हणून केलं. म्हाताऱ्या माणसाला हौस नसती का?" ती डोक्याला हात लावून हसली. आता तिनं ते माहेरी सांगितलंय, मुलानं वर्कशॉपमध्ये सांगितलंय, आणि आमच्या सोसायटीत मी हौशी आजी म्हणून ठरले आहे.

हे पत्र मी ठेवणार नाही. मुलाच्या हाती लागलं तर सगळंच मुसळ केरात. चुलीत घालावं तर चूल नाही, गॅसवर धरावं तर सून विचारणार काय जळतंय. बारीक तुकडे करून शेवंतीच्या कुंडीत पुरते. जाता जाता एक सांगते, तुलाच. सुनेला मी थाप मारली होती खरी. पण आता पोरीची सुट्टी असली आणि गाडी खाली असली, की सगळ्यांचा डोळा चुकवून मी उतरते, त्या निळ्या दारापुढं उभी राहते, आणि पदर नीट करून घेते.